बीटल ते गोल्फ: गाडीचं इंजिन मागून पुढे का आलं?

फोक्सवॅगन बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २४०० मिलिमीटर. १९७४ साली जर्मनीतल्या वोल्फ्सबर्गच्या त्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या गोल्फचा व्हीलबेसही २४०० मिलिमीटरच. एवढा एक आकडा सोडला, तर या दोन गाड्यांत सारखं असं फारसं काही सापडत नाही. बीटलचं इंजिन मागे, गोल्फचं पुढे. बीटलचं इंजिन हवेने थंड होतं, गोल्फचं पाण्याने. बीटल मागची चाकं फिरवते, गोल्फ पुढची. बीटल गोल, गोल्फ चौकोनी. त्यातही गोल्फ लांबीला एक फुटाहून थोडी अधिकच कमी, तरी आत बसायला ऐसपैस.

ज्या कंपनीने तीस-पस्तीस वर्षं एकाच रचनेवर पोट भरलं, तिने ती रचना मुळापासून उलटी का केली? हे नीट समजलं, की आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्या आतून अशाच का असतात, तेही समजतं.

सुरुवात १९३०च्या दशकातल्या जर्मनीपासून करू. १९३४ साली फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी बनवण्याचं काम आलं. मागणी हिटलरच्या सरकारची होती. अटी कडक होत्या: दोन मोठी माणसं आणि तीन मुलं बसली पाहिजेत, नव्या महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरचा वेग टिकला पाहिजे, पेट्रोल कमी लागलं पाहिजे आणि किंमत हजार राइशमार्कच्या (तेव्हाचं जर्मन चलन) आत हवी.

त्या काळात बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असायची. मधे प्रॉपेलर शाफ्ट नावाचा लांब दांडा. त्या दांड्याला जागा द्यायची तर गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा येतो, वजन वाढतं, खर्च वाढतो. इंजिन थेट मागच्या चाकांजवळ नेलं की दांडा गेला, उंचवटा जवळपास गेला, आणि इंजिनाचं वजन ज्या चाकांना ताकद लागते त्यांच्यावरच पडलं. चिखलात, बर्फात, चढावर चाक जागेवर फिरत राहण्याची शक्यता कमी झाली. स्वस्त गाडीसाठी ही मांडणी अतिशय शहाणपणाची होती.

मग त्याच वेळी इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाकं का नाही फिरवली? काहींनी फिरवली. जर्मनीत डीकेडब्ल्यूने १९३१ साली आणि फ्रान्समध्ये सित्रोएनने १९३४ साली अशा गाड्या आणल्या. अडचण चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या जोडाची होती. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात: ताकद घेऊन फिरायचं आणि स्टिअरिंगबरोबर वळायचंही. साधा क्रॉस जॉइंट वाकलेल्या अवस्थेत फिरला, की एकाच फेरीत त्याचा वेग कमीजास्त होत राहतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. वाकूनही एकसारखा फिरणारा जोड, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक सीव्ही जॉइंट म्हणतात, तो तेव्हा माहीत होता. पण लाखो गाड्यांना पुरेल इतका स्वस्त आणि टिकाऊ बनत नव्हता.

पाण्याऐवजी हवा निवडण्याचं कारणही सरळ होतं. ज्याला गाडी घ्यायची त्याच्याकडे गॅरेज नव्हतं. जर्मन हिवाळ्यात गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहणार, रेडिएटरमधलं पाणी गोठणार आणि गोठताना फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडणार. पाणीच नसेल तर गोठणार काय?

बीटलचं इंजिन जवळून बघण्यासारखं आहे. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, जमिनीला समांतर आडवे. वर एक मोठा पंखा पत्र्याच्या खोक्यात बंद केलेला. डायनामो आणि पंखा एकाच दांड्यावर, आणि तो दांडा फिरवणारा पट्टा एकच. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. दुसऱ्या गाडीत हा दिवा बघून माणूस घरापर्यंत जाऊ शकतो. बीटलमध्ये तिथल्या तिथे थांबावं लागतं, कारण चार्जिंगबरोबर थंडावाही बंद पडलेला असतो. पट्टा ताणायची सोय मात्र फार सुंदर आहे. डायनामोची पुली दोन फाकांची असते आणि मधे पातळ वॉशर असतात. पट्टा सैल झाला की मधला एखादा वॉशर काढून बाहेरच्या बाजूला लावायचा. फाका जवळ येतात, पट्टा वर सरकतो आणि ताणला जातो. एका पान्याचं काम. अख्खं इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी धरलेलं असतं, त्यामुळे ते खालून उतरवणंही छोट्या गॅरेजला जमतं.

एक खोट मात्र पुष्कळ वर्षं राहिली. तेल थंड करणारा कूलर त्याच पंख्याच्या खोक्यात, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत बसवलेला होता. त्यामुळे त्या सिलिंडरला हवा कमी आणि तीही आधीच तापलेली मिळायची. बीटल हाताळणारा जाणता माणूस आजही सगळ्यात आधी तिसऱ्या सिलिंडरची चौकशी करतो. १९७०च्या सुमाराला कूलर बाजूला हलवून कंपनीने हे सुधारलं.

मागे इंजिन असण्याचा खरा त्रास वळणावर कळतो. सायकलच्या कॅरियरवर धान्याचं पोतं बांधून वेगात वळून बघा: पुढचं चाक हलकं होतं आणि मागचा भाग आपल्या मनाने बाहेर जायला बघतो. बीटलमध्ये त्यात स्विंग अॅक्सलची भर पडली. मागचे दोन्ही अर्धे अॅक्सल फक्त गिअरबॉक्सपाशी वाकायचे. चाक अॅक्सलला काटकोनात पक्कं. जोरात वळताना चालकाने घाबरून अचानक अॅक्सिलरेटर सोडला, तर गाडीचा मागचा भाग वर उचलला जायचा, बाहेरचं चाक खालून आत दुमडायचं, टायरचा जेमतेम कडेचा पट्टा रस्त्यावर टेकायचा, आणि गाडी मागून घसरायची. रोजच्या चालवण्यात हे होत नसे. पण नवख्या माणसाने घाबरून जे करणं साहजिक आहे, त्याचीच ही गाडी शिक्षा देत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बीटलना दोन जोडांचा सुधारित अॅक्सल मिळाला. माझ्या मते तो बराच उशिरा आला.

या गाडीच्या जन्माची गोष्ट गोड करून सांगितली जाते, ते मला पटत नाही. मागे इंजिन, हवेचा थंडावा, मधोमध कण्यासारखी चौकट या कल्पना एकट्या पोर्शे यांच्या नव्हत्या. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीत हान्स लेडविन्का याच वाटेने गाड्या घडवत होते. जर्मनीत योझेफ गान्झ हा ज्यू अभियंता आणि संपादक अशाच लहान गाडीसाठी वर्षानुवर्षं लिहीत होता, नमुने बनवत होता; नाझी सत्तेत त्याला देश सोडावा लागला. सामान्य माणसासाठी ९९० राइशमार्कची गाडी म्हणून आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवायची बचत योजना निघाली. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. त्यांतल्या एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. १९३८ साली पायाभरणी झालेल्या कारखान्यात युद्धकाळात लष्करी वाहनं बनली, आणि ती बनवायला सुमारे २० हजार लोकांना सक्तीने राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदीही होते. बीटलबद्दल प्रेमाने लिहिताना हे सांगितलंच पाहिजे.

१९४५ साली वोल्फ्सबर्ग ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात आलं. मेजर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने मोडकळीला आलेला कारखाना उभा केला, ब्रिटिश सैन्याकडून गाड्यांची मागणी मिळवली आणि डिसेंबर १९४५मध्ये बीटलचं नियमित उत्पादन सुरू झालं. १९४८ साली सूत्रं हाइन्रिश नॉर्डहॉफ यांच्याकडे आली. त्यांचं धोरण साधं होतं: आकार बदलायचा नाही, पण आतला एकेक भाग सुधारत राहायचा. देशोदेशी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची सोय लावायची. ऑगस्ट १९५५मध्ये दहा लाखावी बीटल तयार झाली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४वी गाडी बाहेर पडली आणि फोर्ड मॉडेल टीचा सर्वाधिक उत्पादनाचा विक्रम मोडला.

आणि तरीही कंपनी संकटात होती.

गिऱ्हाईक बदललं होतं, ते एक कारण. १९६०च्या दशकात युरोपातल्या कुटुंबाला सुटीचं सामान, मुलं, कुत्रं सगळं गाडीत घालायचं होतं. बीटलच्या पुढच्या बॉनेटखाली पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. उरलेल्या जागेत सामान. काच धुण्याचं पाणीसुद्धा त्या स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर उडायचं. युक्ती छान, पण बॅग मोठी असली की युक्ती कामाला येत नाही.

दुसरं कारण हवेच्या थंडाव्यात दडलेलं होतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅटमुळे ठरावीक पट्ट्यात राहतं. हवेवरचं इंजिन चढावर खूप तापतं, उतारावर गार होतं. तापमान इतकं खालीवर होणार म्हणून आतल्या भागांमध्ये फट जास्त ठेवावी लागते, पेट्रोलचं मिश्रणही थोडं घट्ट ठेवावं लागतं. त्यामुळे पेट्रोल जास्त जळतं आणि धूरही जास्त होतो. सिलिंडरभोवती पाण्याचं आवरण नसल्याने आवाजही अडत नाही. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तेव्हा हे सगळं एकदम अंगावर आलं, आणि अमेरिका तर फोक्सवॅगनची सगळ्यात मोठी परदेशी बाजारपेठ होती. मार्क महागल्याने तिथे बीटलची किंमतही वाढत होती. १९७३च्या शरदात तेलसंकट आलं. १९७४ साली कंपनीला ८०० दशलक्ष मार्कांहून अधिक तोटा झाला.

दोन्ही गाड्यांची ताकद शेजारी शेजारी ठेवली की फरक एका नजरेत दिसतो. शेवटच्या काळातल्या मोठ्या बीटलचं इंजिन १,५८४ सीसीचं, ताकद ५० अश्वशक्ती. सगळ्यात लहान गोल्फचं इंजिन १,०९३ सीसीचं, ताकद तेवढीच, ५० अश्वशक्ती.

हे ज्ञान कंपनीकडे आलं कुठून? वोल्फ्सबर्गमधून नव्हे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर फोक्सवॅगनने डाइमलर-बेंझकडून ऑटो युनियन ही गाड्यांची कंपनी विकत घेतली. पुढच्या चाकांची गाडी १९३१ सालीच बनवणारी डीकेडब्ल्यू याच ऑटो युनियनचा भाग. तिचा इंगोलश्टाटचा कारखाना नॉर्डहॉफ यांना मुख्यतः बीटल बनवण्यासाठी हवा होता, आणि तिथे नवी गाडी आखायची नाही असा त्यांचा हुकूम होता. लुडविग क्राउस या अभियंत्याने गुपचूप पुढच्या चाकांची आउडी १०० ही गाडी आखली. नॉर्डहॉफ यांनी ती पाहिली आणि मोठेपणाने मंजूर केली. पाण्याचं इंजिन आणि पुढची चाकं यांचं शिक्षण फोक्सवॅगनला अशा आडवाटेने मिळालं. मला या साऱ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस क्राउस वाटतो.

नॉर्डहॉफ १९६८ साली वारले. बीटलची जागा घेण्यासाठी पोर्शे कंपनीत एक वेगळाच प्रकल्प चालू होता: पाण्याचं इंजिन कुशीवर झोपवून मागच्या सीटखाली. गाडी चालायला झकास असणार, पण दुरुस्तीसाठी सीट काढा, आवाज आणि उष्णता आत. १९७१ साली कंपनीचे नवे प्रमुख रुडोल्फ लायडिंग यांनी तो बंद केला आणि पुढच्या चाकांच्या गाडीवर सगळा भार टाकला.

तिचं रूप इटलीतल्या ज्योर्जेतो जुजारो यांनी आखलं. वोल्फ्सबर्गला गेल्यावर आपल्याला सगळे भाग सुटे करून ठेवलेली फियाट १२८ दाखवण्यात आली, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. कंपनीला हेवा वाटत होता तो त्या गाडीचा, आणि योग्यच वाटत होता. ब्रिटनमध्ये १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी मिनीमध्ये इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलं, आणि सीव्ही जॉइंट पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने स्वस्त गाडीत वापरला. पण मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बुडलेला. फियाटचे दान्ते जाकोझा यांनी तो इंजिनाच्या शेजारी, त्याच रेषेत लावला. त्यामुळे एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट लांब आणि दुसरा आखूड होतो, पण दोघांचं तेल वेगळं राहतं आणि दुरुस्ती सोपी होते. १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये हे करून पाहिलं, १९६९च्या फियाट १२८मध्ये पक्कं केलं. मुंबईकरांचा या जाकोझांशी जुना संबंध आहे: कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीची मूळ गाडी, फियाट ११००, त्यांच्याच हाताखाली घडली. त्या टॅक्सीत इंजिन पुढे आणि ताकद मागे, म्हणून मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायाखाली उंचवटा.

गोल्फने जाकोझांची मांडणी घेतली. इंजिन आडवं असल्याने गाडीचं नाक आखूड झालं. वाचलेली लांबी प्रवाशांना आणि सामानाला मिळाली. सुमारे ४.०७ मीटरची बीटल आणि ३.७ मीटरची गोल्फ यांतला हिशेब इथे जुळतो. इंजिन आडवं म्हणजे त्याचा पट्टा रेडिएटरकडे तोंड करत नाही, म्हणून पंखा विजेवर आला. पाणी तापलं की चालू, निवलं की बंद. मागे इंजिन नाही, म्हणून मागचं दार वरपर्यंत उघडतं आणि मागची सीट दुमडून फ्रिजसुद्धा आत जातो.

मागच्या सस्पेन्शनचं काम मला विशेष आवडतं. दोन्ही मागच्या चाकांचे दांडे एका आडव्या पट्टीने जोडले, आणि ती पट्टी पीळ सहन करेल अशी उघड्या खाचेची ठेवली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर पट्टी नुसती वरखाली होते. एकच चाक खड्ड्यात गेलं तर ती पिळली जाते आणि स्टॅबिलायझरचं, म्हणजे गाडीला वळणावर कलू न देण्याचं, काम आपोआप करते. थोडे भाग, कमी जागा, कमी खर्च. आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकच्या मागे वाकून बघितलं तर हीच पट्टी दिसते.

वळणावर अॅक्सिलरेटर सोडला तर गोल्फचं नाक थोडं आत येतं आणि गाडी सावरते. घाबरलेल्या माणसाच्या चुकीला ही गाडी माफ करते. बीटलपेक्षा गोल्फला मी वरचढ मानतो ते मुख्यतः याच्यासाठी.

रूपाबद्दल एक गंमत आहे. गोल बीटल वाऱ्याला सहज कापत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा हवेचा अवरोधांक (हा जितका कमी, तितका वारा कमी अडतो) सुमारे ०.४८ आणि घडीच्या कागदासारख्या सरळ रेषांच्या गोल्फचा सुमारे ०.४२. बीटलची उभी काच, बाहेर आलेले मडगार्ड, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या यांच्यात वारा अडकतो. जुजारो यांना हेडलाइटही चौकोनी हवे होते. खर्चापायी ते गोल झाले, आणि तेच चेहऱ्याला शोभले.

२९ मार्च १९७४ रोजी गोल्फचं उत्पादन सुरू झालं. १ जुलैला वोल्फ्सबर्गमधली शेवटची बीटल बाहेर पडली. ऑक्टोबर १९७६पर्यंत दहा लाख गोल्फ बनल्या. बीटल मात्र मेक्सिकोत पुएब्लाला २००३पर्यंत बनत राहिली. मेक्सिको सिटीत चालकाशेजारची सीट काढून तिची टॅक्सी करत, म्हणजे दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं सोपं जाई. एकूण २,१५,२९,४६४ बीटल बनल्या.

मागचं इंजिन मात्र कायमचं गेलं नाही. पुण्यात आकाराला आलेल्या टाटा नॅनोमध्ये ६२४ सीसीचं इंजिन मागेच होतं, आणि कारण १९३४चंच: कमी भाग, कमी खर्च, आत जास्त जागा. थंडावा पाण्याचा आणि मागचं सस्पेन्शन स्विंग अॅक्सलचं नसल्याने बीटलच्या दोन्ही जुन्या व्याधी तिला नव्हत्या. आता फोक्सवॅगनच्याच आयडी.३ या विजेच्या गाडीची मोटर मागच्या चाकांपाशी आहे. मोटर लहान आहे, तिला धूर नाही, वजनदार बॅटरी दोन्ही अॅक्सलांच्या मधे तळाशी पसरलेली आहे आणि सस्पेन्शनचे अनेक दांडे चाकाला सरळ धरून ठेवतात. इंजिन पुढे आणण्याची जी कारणं १९७४ साली होती, त्यांतलं एकही या गाडीला लागू पडत नाही.